आठ नंबरची मोटार

बळीराम निरोप घेऊन आला तेव्हा मी डार्करूममध्ये होतो आणि फोटोचा कागद नुकताच डेव्हलपरमध्ये पडला होता. आमच्या धंद्यात त्या दोन मिनिटांत दार उघडत नाहीत, मग बाहेर कुणी का येईना. त्यामुळे कोनच्या दामूशेट म्हात्र्यांच्या मरणाची बातमी त्यांच्या जावयाने मला दाराबाहेरूनच सांगितली. "भाऊ, मामा गेलं. सकालीच... चा पीत व्हतं." मी नुसतं "बरं" म्हणालो. तांबड्या दिव्यात तसाच उभा राहिलो, आणि ट्रेमधलं नवरा-नवरीचं जोडपं माझ्या डोळ्यांदेखत काळं ठिक्कर पडलं. त्याला आता दीड महिना झाला.

पनवेलहून पुण्याकडे जाताना ज्यांचा ट्रक कधी बंद पडला असेल, त्यांना दामूशेट ठाऊक असणार. रस्त्याकडेला पत्र्याची शेड, तीत तेलाने माखलेला, कमी बोलणारा एक आडवा माणूस. पण या माणसाला शर्यतीच्या जुन्या मोटारींचा नाद होता हे फार थोड्यांना माहीत होतं. रद्दीतल्या इंग्रजी साप्ताहिकांतली चित्रं, मुंबईच्या जुन्या बाजारातले कोपरे दुमडलेले फोटो, जे मिळेल ते आणून तो शाळेच्या वह्यांत चिकटवी. स्वातंत्र्यानंतर सात-आठ वर्षांनी तो असंच एक कात्रण मोठं करून घ्यायला माझ्या स्टुडिओत आला आणि मग येतच राहिला. मी त्याला विचारलं, नंबर लिहून ठेवलेत का सगळ्या गाड्यांचे? तर हसला. "नंबर काय भाऊ, शर्यतीपुरता. रंग बी बदलतान, मालक बी बदलतान. गारी वलखायची तर तिचं वण बगायचं." आणि खरंच, मडगार्डवरच्या एका पोच्यावरून तो सांगे की ही तांबडी आणि दोन वर्षांनंतरची ती पांढरी, एकच मोटार. मी त्याला माझं भिंग देऊन टाकलं. ते त्याच्या सदऱ्याच्या खिशात कायमचं राहिलं.

हा नाद कशापायी, ते त्याने वर्षभराने सांगितलं. त्याचा थोरला भाऊ किसन लढाईच्या काळात मिठागर सोडून मुंबईला गेला आणि एका शेठच्या गॅरेजात लागला. तिथे त्याने शर्यतीची एक मोटार जवळजवळ एकहाती बांधली. चालवणारा उजवीकडे बसणार, त्याचा हात भाजू नये म्हणून सायलेन्सर डाव्या अंगाने बाहेर काढला, हे सगळं तो सुट्टीत घरी येऊन चुलीपुढच्या राखेत काढून दाखवत असे. पुढच्याच वर्षी तो विषमज्वराने गेला. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. मी एकदा कोनला गेलो होतो तेव्हा त्यांची म्हातारी आई मला म्हणाली, "तुमी फोटूवालं ना? माज्या किसनचा त्वांड आता डोल्यांम्होरं येत नाय रं..." दामूशेट मोटार शोधत होता ती म्हातारीसाठी. मोटार सापडली तर तिच्या शेजारी तिचा मेकॅनिक असणारच, एवढा साधा हिशेब.

आता माझी गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना जीभ अडखळते. मुंबईतला एक स्टुडिओ बंद होताना मी निगेटिव्हचं एक खोकं घेतलं होतं. त्यात शर्यतीची दहा-बारा चित्रं निघाली. ऐन लग्नसराईतली घाई, तरी मी हौसेने त्याला प्रिंट काढून दिल्या. त्यातली आठ नंबरच्या मोटारीची इतकी छान आली की एक प्रत मी स्टुडिओत टांगली. बॉनेटवर वाकलेला एक माणूस, मान खाली, भांग तेवढा स्पष्ट, आणि त्याच्या मागे टोपीवाला एक गृहस्थ. दामूशेटने भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि प्रिंट खाली ठेवली. "अमेरिकन हाय. लढाईत आलेली. चाक डाव्या अंगाला, सायलेन्सर उजव्या." मग म्हणाला, "मानूस मातर वलखीचा वाटतो. पन नाय." त्यानंतर सहा वर्षं तो दर आठवड्याला येऊन त्या भिंतीसमोरच्या बाकावर बसे. दरम्यान म्हातारी गेली.

ती गेल्यावर दुसऱ्या वर्षी, एका दुपारी, दामूशेट बाकावर बसून सदऱ्याच्या डाव्या खिशातली काडेपेटी चाचपत होता. हात खिशावर तसाच थांबला. "भाऊ, ह्या मानसाचा खिसा उजव्या अंगाला कसा?" मी मान वर न करता म्हटलं, शिंप्याची चूक असेल. "आन् मागच्या टोपीवाल्याचा बी?"

आता मात्र मी मान वर केली. निगेटिव्हची एक बाजू चकचकीत असते, एक मंद. ती उलटी बसली की चित्रातलं डावं उजवं होतं. शिकाऊ माणसाने करावी अशी ही चूक, आणि मी तर गावभर मिरवत होतो की माझ्या हातून प्रिंट बिघडत नाही. इंग्रजी आठाचा आकडा उलटा केला तरी आठच दिसतो, त्यामुळे इतक्या वर्षांत कुणाला शंका आली नाही. मी दुकानाचं दार लावलं, दामूशेटला डार्करूममध्ये घेतलं आणि निगेटिव्ह सरळ बसवली.

ट्रेमध्ये चित्र हळूहळू वर आलं. चाक उजवीकडे. सायलेन्सर डावीकडे. वाकलेल्या माणसाचा भांगही आता डावीकडे आला होता. दामूशेट ट्रेवर वाकला. मग अगदी हळू म्हणाला, "दादा हाय. आय त्याचा भांग डाव्या अंगाला पारायची. मोटा झाला तरी तीच पारायची."

मला रडू आवरेना. अंधारात ते दिसलं नाही एवढंच. मी म्हटलं, "दामूशेट, म्हातारी होती तेव्हाच हे..." त्याने मला पुढे बोलू दिलं नाही. "कागद नीट धुवा भाऊ. पिवला परल नायतर." त्यावर तो आयुष्यात पुन्हा एक अक्षरही बोलला नाही. मला वाटायचं, एकदा शिव्या दे बाबा, म्हणजे सुटलो. दिल्या नाहीत. जाताना भिंतीवरची उलटी प्रिंटसुद्धा मागून घेतली आणि शेडमध्ये दोन्ही शेजारी शेजारी लावल्या. मी म्हटलं, ती चुकीची कशाला? तर म्हणाला, "चुकीची का असंना. सा वर्सं बसलो तिच्याम्होरं."

बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी बळीराम पुन्हा आला. भिंतीवर लावायला मामांचा फोटो हवा होता. माझ्याकडे त्यांची एकच निगेटिव्ह, शेडच्या दारात उभे असतानाची, मी हट्टाने काढलेली. ती हातात धरून मी मंद बाजू बोटाने तीन वेळा तपासली, तरी खात्री वाटेना. चित्र वर आलं तशी ओली प्रिंट तशीच उचलून बाहेर आणली आणि बळीरामच्या पुढे धरली.

"खिसा कुठल्या बाजूला आहे बघ."

"डाव्या. भिंग हाय त्यात. का वो, भाऊ?"

काही नाही म्हटलं, आणि कागद धुवायला आत घेऊन गेलो. बराच वेळ धुतला.