'नको' म्हटलं आणि लाडू गेले

मंडळी, आजचं सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये.

आन्या पोलंडची. पोलादपूरजवळच्या माझ्या शाळेत ती बिनपगारी इंग्रजी शिकवते, आमच्याच घरी राहते आणि आमच्याकडून मराठी शिकते. आज तिने मुलांना 'नो, थँक्यू' शिकवलं. माझ्या आईने दिलेल्या लाडवांचा डबा तिने वर्गात फिरवला. सगळ्या मुलांनी खणखणीत 'नो, थँक्यू' म्हटलं. तिने खुशीत "व्हेरी गुड!" म्हणून झाकण लावलं.

मुलांची तोंडं उतरली! आमच्याकडे पहिलं 'नको' नुसतं रीतीचं असतं, हे तिला कुठलं माहीत? शेवटी दुसरीतली सई रडवेली होऊन म्हणाली, "म्याडम, परत इचारा ना!"

मी आन्याला रीत समजावली आणि लाडू वाटले गेले. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर घरी येऊन आईलाही बजावलं, "त्यांच्यात नको म्हणजे नको. उगाच आग्रह करू नकोस."

जेवताना आईने भाकरी पुढे केली. आन्या लाजून म्हणाली, "नको." आई निमूट टोपली घेऊन आत वळली.

आन्या त्या टोपलीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, परत इचारा ना!"

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "मोठी आली शिकवणारी!"

तुमचं खरं 'नको' कितवं असतं हो?