माझी दहा आवडती जहाजं आणि एक ओहोटी

माझ्याकडे एक लांबट वही आहे. तिच्यात मी शिडांच्या काळातल्या लढाऊ जहाजांना गुण दिले आहेत. प्रत्येक जहाजाला पाच रकाने: वेग, तोफा, उथळ पाण्यात चालणं, दुरुस्तीची सोय आणि दिसायला कसं. प्रत्येक रकान्याला दहा गुण. बेरीज करून पहिल्या दहांची यादी केली आहे आणि दर दिवाळीच्या सुट्टीत ती तपासून घेते. ही वही माझ्याकडे कोणीही मागितलेली नाही.

दोष खिडकीचा. नायगावला चौदाव्या मजल्यावर राहायला आलो तेव्हा स्वयंपाकघरातून खाडी दिसायला लागली. पहिल्या वर्षी चहा पिताना मनात यायचं, इथून कोणेएके काळी काय काय गेलं असेल. दुसऱ्या वर्षी वही आली. तोपर्यंत मी स्वतः घारापुरीच्या लाँचपलीकडे कशातही बसले नव्हते, आणि त्या लाँचमध्येही जाताना एकदा आणि येताना दोनदा उलटी झाली होती. पण गुण द्यायला पाण्यात उतरावं लागत नाही. कागदावर मी कुठल्याही आरमाराला भारी होते.

आमच्या इमारतीतल्या बायकांची महिन्याला एक सहल असते आणि ती आखायचं काम माझ्याकडे आहे. ते मी चोख करते. मी नसते तर त्या तुळिंजच्या बाजाराच्या पुढे गेल्या नसत्या, असं मी स्वतःच दोनतीनदा बोलून दाखवलेलं आहे. या वेळी मी ठरवलं की वसईचा किल्ला पाण्याच्या बाजूने दाखवायचा, बोटीतून, आणि धक्क्यावर उभं राहून वीस मिनिटं आरमाराची माहिती द्यायची. माहिती कोण देणार हा प्रश्न मी बैठकीत येऊच दिला नाही.

सहलीआधी रंगीत तालीम करायची माझी पद्धत आहे. त्यासाठी नायगावच्या कोळीवाड्यातला एक तांडेल ठरवला. स्वतःची बोट, स्वतःचं इंजिन, मोजकं बोलणारा माणूस. भरतीचं गणित मला त्यानेच शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ मिळते. दशमी असेल तर दहाची पाऊणपट, म्हणजे साडेसात. मला इतका आनंद झाला की मी पुढच्या सहा महिन्यांचा तक्ता करून फ्रीजवर लावला.

आम्ही दशमीचा शनिवार ठरवला. दोन दिवस आधी त्याचा फोन आला. त्याच्या मुलीचा साखरपुडा त्याच शनिवारी आला होता. नवरा मुलगा आखाती देशात नोकरीला, सुट्टी अचानक मिळाली होती. मी दिवस बदलू म्हटलं, पण तो म्हणाला की शब्द दिलाय तर नेतो, सकाळी घरात बायकांमध्ये माझं काही काम नसतं. फक्त बारा वाजता फादर येतील, त्याआधी तासभर मला घर गाठायला पाहिजे.

"दहाच्या आत तुम्ही घरी," मी म्हटलं. वहीत लिहूनही घेतलं: ९.३० परत, नायगाव. खाली लाल रेघ.

बरोबर माझी नणंद होती. ती शाळेत शिकवते, माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान आहे आणि माझी वही तिने एकदा अख्खी वाचलेली आहे, त्यामुळे ती जरा जास्तच खुशीत आली होती. वेळ मोजायचं काम मी तिला दिलं होतं.

साडेसातला निघालो. आठला किल्ल्याच्या धक्क्याला लागलो. पाणी काठोकाठ होतं, बोट धक्क्याच्या सगळ्यात वरच्या पायरीला टेकली आणि मी साडीची निरी न उचलता जमिनीवर पाय ठेवला. बायका चढणार कुठून, बसणार कुठे, सावली कुठे, हे सगळं टिपून झालं तेव्हा वीस मिनिटं बाकी होती. माझ्या भाषणाची. नणंद पायरीवर बसली. तांडेल बोटीतच थांबला, दोर हातात धरून.

मी दहाव्या क्रमांकापासून सुरुवात केली. तिथेच चूक झाली. पहिल्यापासून सुरुवात केली असती तर कुठेही थांबता आलं असतं. पण दहावरून एकाकडे जायचं म्हटलं की माणूस मध्ये थांबूच शकत नाही. दहावं शिबाड, सपाट बुडाचं, मूळचं व्यापारी. नववी युरोपातली तीन मजली तोफांची जहाजं, ज्यांना मी तोफांचे दहा आणि उथळ पाण्याचा एक गुण दिला आहे. आठव्याला आले तेव्हा नणंदेने घड्याळ माझ्यापुढे धरलं. वीस मिनिटं झाली होती. मी म्हटलं, ही तालीम आहे, तालमीत वेळ लागतोच.

सातवं गलबत. लहान, वल्ह्यांवर चालणारं, वारा पडला की मोठ्या जहाजांना दोर लावून ओढणारं. उथळ पाण्यात पैकीच्या पैकी. पण दिसायला साधं म्हणून तिथे तीनच गुण, आणि म्हणून सातवं. इथे तांडेलाने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मॅडम, पानी चाललं."

मी खाली पाहिलं. बोट चौथ्या पायरीशी होती. मी मान डोलावली आणि सहाव्या जहाजाला हात घातला.

तिसऱ्या जहाजाच्या वेळी तो पुन्हा तेच म्हणाला. बोट सहाव्या पायरीशी गेली होती. मी त्याला म्हटलं, आता दोनच राहिलीत. हे वाक्य मी ज्या आवाजात म्हटलं तो आवाज मला अजून आठवतो. ऑफिसात एखादा शिपाई मिटिंगमध्ये डोकावला की मी त्याच आवाजात बोलते. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खाडीकडे, आणि दोराचा एक वेढा सोडला. शब्द दिलेला माणूस होता. दुसऱ्याने दिलेल्या शब्दाची चालू भाषणात आठवण कशी करून द्यायची, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

पहिल्या क्रमांकावर गुराब. तिच्या एकटीवर मी वीस मिनिटं घेतली. तिची नाळ, म्हणजे पुढे लांब गेलेलं ठेंगणं टोक, त्या नाळेवरून थेट समोर डागता येणाऱ्या तोफा, दोन-तीन डोलकाठ्या. मराठ्यांच्या आरमाराने उथळ पाणी आणि भरती-ओहोटी यांच्या जोरावर मोठमोठ्या जहाजांना कसं जेरीस आणलं, यावर मी शेवट केला. ज्याला आपल्या खाडीचं पाणी कळतं तोच जिंकतो, असं शेवटचं वाक्य होतं. नणंदेने टाळ्या वाजवल्या. साडेदहा वाजायला आले होते. बोटीत उतरायला आठ शेवाळलेल्या पायऱ्या उतराव्या लागल्या, त्यातल्या दोन मी बसून उतरले.

परतीच्या वाटेवर तांडेल उभा राहून बोट हाकत होता. त्याने इंजिन जोरात ठेवलं होतं. नायगावच्या कोळीवाड्याकडे एक चिंचोळा फाटा वळतो. त्यात आम्ही शिरलो आणि थोड्या वेळाने बोटीखालून मऊ आवाज आला, घावनाचं पीठ तव्यावर पसरताना येतो तसा. इंजिनाने चिखल उडवला. तांडेलाने ते बंद केलं, बांबू खाली घालून पाहिला आणि वर घेतला.

समोर कोळीवाड्यातली घरं दिसत होती. एका घरावर पांढऱ्या-गुलाबी कापडाची झालर होती. अकरा वाजून पाच मिनिटं.

"वहिनी," नणंद हळूच म्हणाली, "हे कितवं जहाज बुडालं आपलं?"

"बुडालं नाही, टेकलंय," मी म्हटलं. अशा वेळीही मी शब्द दुरुस्त करते.

तांडेल चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने भावाला फोन केला, दोन वाक्यं बोलला आणि बोटीच्या काठावर बसला. मी माफी मागितली. त्याने बांबूचा चिखल पुसून तो आडवा ठेवला. थोड्या वेळाने त्याने माझ्या मांडीवरच्या वहीकडे बोट केलं.

"ती तुमची पयल्या नंबरवाली. तिला पानी किती लागायचं?"

मी वही उघडली. रकाना काढला. "सहा," मी म्हटलं.

"सहा काय? हात?"

"सहा गुण."

तो वहीकडे पाहत राहिला. मीही पाहिलं. दहा जहाजं, पन्नास रकाने, आणि एकही जहाज तरंगायला पाणी किती लागतं हे माझ्या वहीत कुठेही नव्हतं. ते गुण मी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून, चित्रं बघून, अंदाजाने दिले होते. आणि तिकडे घरी त्याची मुलगी वडिलांची वाट बघत नटून बसली होती.

पावणेबाराला त्याचा भाऊ लहान होडकं घेऊन आला. फाट्याच्या मधोमध पाण्याची एक पट्टी उरली होती, तिच्यातून तो बांबूने रेटत येत होता. होडक्यात त्याच्याशिवाय एकच माणूस मावत होता आणि दुसरी फेरी करायला पाणी राहणार नव्हतं. म्हणजे आम्ही दोघी बोटीवर राहणार होतो. त्याचं मला काही वाटलं नाही. मला होडक्याचा वेग बघवत नव्हता.

जाण्यापूर्वी त्याने नांगर टाकला, दोर माझ्या हातात दिला आणि काम सांगितलं. दुपारनंतर पाणी चढलं की बोट उठेल. तिचं शेपूट जाळ्यांच्या खुंटांकडे जायला बघेल. दोर ढिला पडला की खेचायचा आणि बांधायचा. गाठ त्याने दोनदा बांधून दाखवली. मग म्हणाला, "एवढं करा. बोलू नका, बगत राहा."

सव्वाबाराला तिकडून बँड ऐकू आला. एक चाल संपली आणि तीच पुन्हा सुरू झाली. मग तिसऱ्यांदा तीच. वाजवणाऱ्यांना वेळ काढायला सांगितलं होतं आणि कशासाठी ते आम्हा दोघींना माहीत होतं. होडकं काठाला लागून दहा मिनिटं झाली होती. आता तो चिखल तुडवत असेल, आता पाय धूत असेल, आता शर्टाची बटणं लावत असेल. नणंदेनेही विनोद करायचं थांबवलं. चौथ्यांदा तीच चाल सुरू झाली आणि मध्येच तुटली. मग बराच वेळ काहीच नाही. मग लाऊडस्पीकरवर फादरचा आवाज आला, शब्द कळत नव्हते, पण प्रार्थना होती. नणंदेने घड्याळ पाहिलं. बारा चाळीस. मी त्या दिवशी पहिल्यांदा पाठ टेकून बसले.

आमच्याकडे दोन केळी होती. नाश्ता मी यादीत "परत आल्यावर" असा लिहिला होता.

अडीचच्या सुमारास चिखलावर पाणी चमकायला लागलं. मी दोर धरून बसले. काम सोपं होतं आणि मला इतकी भीती वाटत होती की मी तासभर एक शब्द बोलले नाही. नणंदेच्या मते कुटुंबाच्या इतिहासात हे प्रथमच घडलं. मध्ये मी तिला बांबू पाण्यात धरायला सांगितला. चार वाजून गेले, बोट एकदा कण्हली, आडवी झाली आणि सरळ उठली. शेपूट खुंटांकडे निघालं. मी खेचलं, पाय रोवून, साडीसकट. त्याने दाखवलेली गाठ मारली. ती टिकली. त्याच क्षणी नणंदेने बांबूवर तिच्या तपासणीच्या लाल पेनाने खूण केली आणि माझ्या पर्समधल्या टेपने मी ती मोजली.

तो स्वतःच आला. त्याच होडक्यातून, कोट घातलेला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, मांडीवर दोन डबे. डबे आमच्या हातात दिले आणि सगळ्यात आधी दोर तपासला. गाठीला हात लावून पाहिला आणि तशीच ठेवली.

मी विचारलं, सगळं नीट झालं का? तो म्हणाला, फादर चाळीस मिनिटं थांबले, व्याही जरा बोलले, पण पोरगी म्हणाली बाबा आल्याशिवाय अंगठी घालनार नाय, आणि बसून राहिली. हे सांगताना तो पहिल्यांदा हसला. मला हसता आलं नाही. मी वही उघडून त्याच्यापुढे धरली.

"दोन फूट सात इंच," मी म्हटलं. "तुमच्या बोटीला."

त्याने खूण केलेला बांबू पाहिला, पाण्याकडे पाहिलं. "बरोबर हाय," तो म्हणाला. मग इंजिनाचा दोरा ओढत म्हणाला, "लग्नाला या दोघी. कामाच्या याद्या तुम्ही करा. माईक दुसऱ्याकडं देऊ."

सहल पुढच्या महिन्यात पार पडली. माहिती नणंदेने दिली, अकरा मिनिटांत. वहीतली जुनी यादी मी खोडलेली नाही, पण तिच्याखाली कुठल्या बोटीला किती पाणी लागतं याचा नवा तक्ता सुरू केला आहे. त्यात सध्या एकच नोंद आहे. लग्न डिसेंबरात आहे आणि जेवणाच्या पंगतींची यादी माझ्याकडे आली आहे. अजून तरी तिच्यात गुणांचा रकाना नाही.