आवाज न करणारा कॅमेरा

"मॅडम, पार्टी म्हणतेय तुम्ही फोटोच काढले नाहीत."

फोनवर मोहिते सर. वाशीला त्यांचा स्टुडिओ आहे आणि लग्न, साखरपुडे, बारशी असली कामं मी त्यांच्यासाठी करते. भर दुपारी उरणजवळच्या मोरा गावात, साखरपुड्याच्या मांडवामागे पाण्याच्या ड्रमाला टेकून मी जरा दम खात होते. गळ्यात कॅमेरा, आणि कॅमेऱ्यात सकाळपासूनचे ढीगभर फोटो.

"काढले नाहीत म्हणजे? सकाळपासून मी काय इथे बोंबील वाळत घालतेय?"

"चिडू नका. नवरा मुलगा नितेश, त्याचाच फोन होता. म्हणाला, मॅडम नुसत्या फिरतायत. फ्लॅश नाही, क्लिक नाही. वर त्याच्या आजीला खुर्चीवर बसवून ठेवलंत म्हणे."

"आजीचा फोटो तर मी मघाशीच काढला!"

"मग त्या अजून तिथेच का बसल्यात?"

मी ड्रमापासून ताडकन सरळ झाले. कारण ते का, हे मला त्याच क्षणी कळलं.

आधी कॅमेऱ्याचं सांगते. मोहिते सरांना स्टुडिओचे सगळे जुने कॅमेरे काढून मिररलेस घ्यायचे होते. त्यांनी एक फुल-फ्रेम मिररलेस ट्रायलला आणला आणि माझ्या गळ्यात मारला. "वापरून बघा आणि मला सरळ सांगा, घेऊ का नको. ते यूट्यूबवाले सगळे गोडच बोलतात," म्हणाले.

जुन्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक आरसा असतो. बटण दाबलं की आरसा वर उडतो, फोटो निघतो, आरसा खाली पडतो. तो जो 'खटॅक' आवाज येतो ना, तो मुख्यतः त्या आरशाचा. मिररलेस म्हणजे आरसाच नाही. आणि फुल-फ्रेम म्हणजे आतला सेन्सर, प्रकाश टिपणारी काच म्हणा, जुन्या फिल्मच्या चौकटीएवढी मोठी. मोठी म्हणून अंधाऱ्या जागेतही चांगला फोटो येतो. ताडपत्रीच्या मांडवात फ्लॅश मारावा लागत नाही. समोर माणूस आला की कॅमेरा स्वतः त्याचा डोळा शोधतो, त्यावर छोटा चौकोन बसवतो आणि डोळा एकदम शार्प येतो. फोटो उजळ येणार की काळा, ते काढायच्या आधीच दिसतं. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मी पोरीसारखी हरखून गेले होते.

खोड्याही बऱ्याच. बॅटरी भराभर खातो. लेन्स बदलताना सेन्सर समोर उघडा पडतो, आणि मोऱ्याला जेट्टीवरून वारा सुटला की धूळ आणि खारट दमटपणा सगळा आत जायची भीती. मी तर ओढणीच्या आडोशाला लेन्स बदलत होते. डोळा लावून बघायचं ते भिंगही खरं नाही, आत बारका टीव्ही आहे. जुन्या कॅमेऱ्यात मी खिडकीतून बघायचे, यात टीव्ही बघते. आणि सायलेंट मोडवर स्टेजच्या जांभळ्या एलईडी लाइटखाली फोटो काढला, की नवरीच्या तोंडावर पट्टे. म्हणून स्टेजपुरतं सायलेंट बंद करायचं, बाकी चालू ठेवायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

सायलेंट मोड मला आवडला होता, हे कबूल करते. आवाज शून्य. कोणाला पत्ता लागत नाही. बायका आपल्या मनासारख्या बोलतात, हसतात, पदर खोचतात आणि तुम्ही त्यांच्यात उभं राहून फोटो काढत असता. पण दोन-तीन फंक्शन झाल्यावर मला काहीतरी बोचायला लागलं. पूर्वी मी आले की लोक म्हणायचे, "ए थांब, फोटो काढतायत." कोणी केस नीट करायचं, कोणी "मॅडम, माझा एक" म्हणायचं. आता कोणी बघतसुद्धा नव्हतं. अख्खा दिवस दोनशे माणसांत काढायचा आणि घरी जाताना आठवायचं, की आज आपल्याशी 'बाजूला व्हा'च्या पलीकडे कोणी बोललंच नाही.

घरी तरी कोण आहे? मी लग्न केलं नाही. कामोठ्याच्या वन बीएचकेमध्ये मी आणि आई राहायचो. आई गेल्यापासून मी एकटी. कॅमेरा ट्रायलला आणला त्या दिवशी डोळा शोधायची टेस्ट घ्यावी म्हणून मी तो घरभर फिरवला. किचन, हॉल, गॅलरी. चौकोन कुठे बसेचना. बिचारा नुसता हिंडत होता. शेवटी भिंतीवरच्या आईच्या फोटोसमोर आला आणि पटकन तिच्या डोळ्यावर बसला. मला फार वाईट वाटलं. कॅमेरा बंद केला आणि चहा टाकला.

तर आजी. नाव हिराबाय. नितेश आणि त्याचे आईबाप कामोठ्याला फ्लॅटमध्ये राहतात, माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून. आजी मात्र मोऱ्यातलं घर सोडायला तयार नाही. जन्म मासळी विकण्यात गेला, आता नवरा नाही, टोपली नाही, घरात एकटी. साखरपुडा आजीच्या दारात ठेवला तो तिच्याच हट्टासाठी. सकाळी मी पोचले तेव्हाच तिनं माझा हात धरला.

"तू फोटूवाली बाय ना? माजा येक चांगला फोटू कार. भितीला लावाचा हाय."

"काढते की आजी. नातसुनेबरोबर काढू?"

"नाय, येकलीचा. मी गेल्यावर हे लोक आधार कारडावरचा लावतील. त्यान मी चोर दिसतंय."

खरंच सांगते, मला तेव्हाच ही बाई आवडली. दिवसभरातलं तेच एक काम मला माझं वाटलं. आत तिच्या खोलीत खिडकीजवळ खुर्ची ठेवली. हिरवं लुगडं, केसात अबोलीची वेणी, कानात जड सोनं. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, त्यामुळे मी तिला धड दिसतच नव्हते. तिनं पाठ ताठ केली, ओठ मिटले, श्वास रोखला. मी फोटो काढले. खिडकीचा उजेड एकदम झकास पडला होता. तेवढ्यात बाहेरून हाक आली, "मॅडम, मुलीकडचे आले!" आणि मी पळाले.

झालं एवढंच. आयुष्यभर मला 'झालं' म्हणायची गरजच पडली नव्हती. ते कॅमेरा म्हणायचा. आजी बिचारी खटॅकची वाट बघत ताठ बसून राहिली.

मी धावत खोलीत गेले तर ती तशीच. कपाळावर घाम, हात मांडीवर घट्ट. शेजारी नितेश लालबुंद होऊन उभा.

"काय मॅडम! तिकडे अंगठी घालायची वेळ झाली, सगळे आजीला शोधतायत, आणि ही इथून उठायला तयार नाय. म्हणते, फोटू नाय झाला. प्रोफेशनल म्हणून पैसे देतो ना तुम्हाला?"

"नितेश, फोटो झालाय. हा बघ."

त्यानं वाकून स्क्रीन बघितला. मग हळूच म्हणाला, "क्लियर आलाय एकदम. पण पोलीस चौकीत बसल्यासारखी का दिसते?"

मी बघितलं. त्याचं बरोबर होतं. एकेक सुरकुती मोजून घ्यावी इतका शार्प फोटो, आणि चेहऱ्यावर आजी नाहीच. नुसता धरलेला दम.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. माणूस फोटोसाठी बसला की तो त्याचा चेहरा नसतो, तो त्यानं धरलेला असतो. खटॅक झालं की त्याला वाटतं सुटलो. खांदे खाली येतात, श्वास सुटतो आणि खरा माणूस परत येतो. मी नेहमी त्या क्षणाला लगेच दुसरा फोटो काढते. पार्टीला आवडतो तो हाच. आता ज्या कॅमेऱ्यात आवाजच नाही, त्यात सुटायचं कधी? ही खोडी कुठल्याच यूट्यूबवाल्यानं सांगितली नव्हती.

"आजी, फोटो निघाला गं. मस्त आलाय."

"खोटा नको बोलू. आवाज कुटं झाला?"

"हा नवीन कॅमेरा आहे, याला आवाज नसतो."

"मंग त्याला कसा कलला फोटू निंगाला त्ये?"

मी सायलेंट मोड बंद केला. बारीक 'टिक' झालं. बाहेर स्पीकर ढणढणत होता, त्यात ते टिक कोणाला ऐकू जाणार! मग कॅमेऱ्याचा बीप मोठा केला. आजीनं मान हलवली. "ह्यो मोबायलचा आवाज हाय. मना येडी नको समजू."

"आजी, चल ना आता," नितेश काकुळतीला आला. "लोक थांबलेत. फोटो नंतर काढू कधीतरी."

"नंतर कवा?" आजी म्हणाली. "तू येतंस काय हितं नंतर? मागच्या होलीला येतू बोललास, आलास? मी आज नटलंय. उद्या ह्ये लुगडं पेटीन जाल."

नितेश जमिनीकडे बघायला लागला. मीही. तिचा फोटो आज झाला नसता तर झालाच नसता, हे त्या खोलीत तिघांनाही माहीत होतं.

मी बॅगेतून माझा जुना कॅमेरा काढला. बॅकअप म्हणून तो अजून सोबत वागवते. जड, कोपऱ्याचं रबर निघालेला. नवा कॅमेरा परत सायलेंट करून ट्रायपॉडवर लावला, खिडकीच्या बाजूनं आजीच्या चेहऱ्यावर धरला आणि त्याचा रिमोट डाव्या मुठीत घेतला. उजव्या हातात जुना, डोळ्याला लावून.

"आजी, बस बघू नीट. आता खरा काढते."

तिनं परत पाठ ताठ केली. ओठ मिटले. श्वास धरला.

खटॅक.

"हां! ह्यो!" आजी म्हणाली. भसकन श्वास सोडला, खांदे खाली आले, आणि ती नितेशच्या दिशेला तोंड करून बोळकं पसरून हसली. "झाला बघ! उगाच त्या बायला वरडलास. चल, तुजी बायकू बगू दे मना."

माझ्या डाव्या मुठीतलं बटण मी तेव्हाच दाबलं होतं. आवाज न करता. चौकोन तिच्या त्या दुधाळ डोळ्यावर बरोबर बसला होता. माझा जीव भांड्यात पडला.

साखरपुडा नीट पार पडला. निघताना आजीनं माझ्या हातात सुक्या जवळ्याची पुडी कोंबली आणि विचारलं, "घरी कोन वाट बगतंय?" मी म्हटलं, "कोणी नाही." ती नुसती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. स्कूटरवर बसल्यावर रस्ता मला जरा वेळ दिसेना. पूर्वी मी कामावरून निघाले की आईचा फोन यायचा, निघालीस का, पोचलीस का, जेवलीस का. वैताग यायचा मला. "अगं हो, झालं सगळं," असं तोडून बोलायचे. आता झालं म्हणून सांगायला कोणी नव्हतं.

मोहिते सरांना मी सांगितलं, "घ्या. कॅमेरा चांगला आहे. बॅटऱ्या जास्तीच्या घ्या आणि धुळीला जपा. पण माझा जुना विकू नका."

"तो कशाला? वजन नुसतं."

"आवाजाला."

मग मी त्यांना आजीचे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवले, शांत कॅमेऱ्याचा आधीचा आणि खटॅकनंतरचा. सर दोन्ही फोटो मोठे करून बघायला लागले आणि म्हणाले, "राहू दे तुमच्याकडेच."

फ्रेम तयार झाल्यावर ती द्यायला मी स्वतःच मोऱ्याला गेले. कुरिअरनं पाठवता आली असती, पण गेले. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नितेशनं मधल्या काळात करून आणलं होतं. फोटो तिनं डोळ्याजवळ धरून बघितला, लांब धरून बघितला, आणि मग शेजारच्या पोराला हाक मारून टीव्हीच्या वर खिळा ठोकून घेतला.

"अगं आजी, आत्ताच कशाला? तू चांगली धडधाकट आहेस. लोक बघून नमस्कार करतील."

"करूं देत." ती पलंगावर बसून त्या हसणाऱ्या बाईकडे बघत होती. "लय दिस येकली व्हतंय. आता घरान आमी दोगी हाव."

मला एकदम हुंदका आला. तिनं ताट घेतलं आणि जेवायला वाढलं.

त्या दिवशी कामोठ्याला घरी आले, चप्पल काढली आणि भिंतीकडे बघून मोठ्यानं म्हटलं, "पोचले गं." रोज म्हणते आता. कोणाला वेडेपणा वाटला तर वाटू दे.

तो मिररलेस आता माझ्याकडेच असतो. धंद्यात शिकले ते एवढंच, की काम झालं की तसं बोलून दाखवायचं, समोर कोणीतरी श्वास धरून बसलेलं असतं. मी प्रत्येक फोटोनंतर मोठ्यानं "झालं!" म्हणते. परवा मोहिते सर म्हणाले, "मॅडम, व्हिडिओवाला शूट करतो त्या प्रत्येक व्हिडिओत तुमचा आवाज येतोय हो."

म्हटलं, येऊ दे.