नैवेद्याच्या आधीचा घास

अन्याय झाला तो माझ्या वहिनीवर. नव्व्याण्णव सालच्या चैत्रात, बिरोबाच्या जत्रेदिवशी, भर दुपारी, खुटबावजवळच्या वस्तीवर, आमच्याच घरात. वहिनीला सातवा महिना. आधीचं बाळ मूठभर जन्मलं आणि आठवड्यात गेलं. तरी त्या दिवशी ती पहाटेपासून अनशापोटी पुरणपोळ्या लाटत होती, कारण नैवेद्य करणारीनं तोंड उष्टं करायचं नसतं. आधी देव जेवणार, मग पाहुणे, मग घरचे पुरुष, आणि उरलंसुरलं तिला. त्यातही आई बजावणार, "बेतानं खा गं. पोर मोठं झालं की बाळंतपण आडतं."

मला असला देव नकोच होता. मी पत्रकं वाटत फिरणारी. बायकांच्या भुकेवरचं एक पत्रक तर माझंच. ते ज्यांच्यामुळं सुचलं त्या डॉक्टरबाई त्याच दुपारी वजनकाटा घेऊन दारात आल्या. गर्भार बाई काय खाते आणि तिचं बाळ कसं निपजतं, हे शोधत शिरूर-दौंडच्या वस्त्या तुडवण्यात त्यांचे केस पिकले. न्हावरे गावात लोक त्यांना 'काटेवाली बाई' म्हणून हसले. शहरातले वरिष्ठ त्याहून वाईट. चुलीपुढं कसलं आलंय विज्ञान, असं म्हणून त्यांनी त्याच आठवड्यात काम बंद करायला सांगितलं होतं. तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या!

बाईंनी वहिनीला काट्यावर उभं केलं. वजन मागच्या महिन्यापेक्षा उतरलं होतं. "आबा, हिला आत्ता जेवू द्या," त्या माझ्या वडिलांना म्हणाल्या. "नाहीतर गेल्या वेळेसारखं होईल."

"डाक्टरीणबाई, देवाआधी कुणी खातं व्हय?" आबा हसले. "एक दिस उपाशी ऱ्हायली तर काय मरती?"

आणि वर नैवेद्याची पाटी तिच्याच डोक्यावर दिली. हलगी वाजत होती. आबा देवळाकडं पुढं निघाले, त्यांच्यामागं वहिनी. बाई आणि मी मागून चाललो होतो. मी मनातल्या मनात देवाला शिव्या घालत होते: असलास तर आत्ता दाखव, नाहीतर तुझं तोंड बघणार नाही.

देवळाच्या पायरीशी वहिनीला भोवळ आली. पाटी कोसळणार तोच तिथं बसलेल्या एका म्हातारीनं दोघींना सावरलं, पाटीला आणि वहिनीला. खांद्यावर घोंगडी, कपाळ भंडाऱ्यानं पिवळंधमक.

"सकाळधरनं काय खाल्लंस, लेकी?"

"काही न्हाई," वहिनी म्हणाली. म्हातारी आबांकडं वळली.

"मेंढरं राखलीस का रं कवा?"

"ल्हानपणी राखली की."

"मग गाभण मेंढीला कवा चारायचास? समद्यांच्या मागनं?"

"न्हाई... आधी. कवळ्या चाऱ्यावर."

"मेंढीला आधी, आन् सुनंला मागनं? आरं, बिरोबा मेंढक्यांचा देव. त्याला एवढं कळत न्हाई व्हय?"

तिनं पाटीतली पोळी मोडली आणि वहिनीच्या तोंडात घातली.

"नैवेद्य उष्टा झाला!" कुणीतरी ओरडलं.

"पोचला म्हण," म्हातारी म्हणाली. "देवाला आनखी भूक आसंल तर तू लाट."

बायका पदराआड हसल्या. आबा मात्र हसले नाहीत. ते खाली बसले, स्वतःच्या हातानं पाटीतल्या तांब्यातलं दूध वाटीत ओतलं आणि सुनेपुढं धरलं. मी म्हातारीच्या पाया पडायला वळले, तर ती गर्दीत मिसळलेली. पुढं खूप विचारलं. तिला ओळखणारं कुणी भेटलं नाही. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. मी देवाला शिव्या दिल्या आणि त्यानं घास दिला, एवढंच मला ठाऊक आहे.

वहिनीला मुलगी झाली. रडली तर शेजारच्या वस्तीवर ऐकू जावी अशी. बाईंनी काम सोडलं नाही. तेव्हापासून त्या दारात गेल्या की काटा काढण्याआधी एवढंच विचारायच्या, "गाभणीला आधी चारता की मागून?" सोबत मी असायची. हात जोडायला मी त्या पायरीवर शिकले, पण राग काही गेला नाही. तो जावा असं देवालाही वाटत नसावं.

तुमच्या घरात कुणी गर्भार असेल तर हे वाचणं इथंच थांबवा. उठा. तिचं ताट वाढा, देवाच्याही आधी, आणि तिचं पोट भरेपर्यंत तुम्ही घास तोंडात घालू नका.