सुई, धागा आणि कारलं

सून काय करते, असं कुणी विचारलं की सासूबाई सांगायच्या, "सुईनं बघते." ऐकणाऱ्याला वाटे, म्हातारी बहकली. पण ते खरंच होतं. तिच्या यंत्राला डोळा नव्हताच, केसाहून कितीतरी बारीक टोकाची सुई होती. अंधारात चाचपून चष्मा शोधावा तशी ती फिरे, आणि जे उंचसखल लागेल त्याचं पडद्यावर चित्र उमटे. म्हणून सगळे तिला सुईवालीच म्हणत.

ती बघे आपल्या शरीरातला डीएनएचा धागा. तो बिघडला की त्याला नीट करणारी प्रथिनं येऊन बिलगतात. पण सुईला नुसता गोळा लागे. पांघरुणात शिरलेल्या पोराचं डोकं कुठं नि पाय कुठं, वरून काय कळणार? म्हणून तिच्या वरिष्ठ मोठ्या बाईंनी सुईत वीज सोडायची युक्ती बसवली. धाग्यावर विजेचा भार जास्त, त्यामुळे तो गोळ्याच्या आतूनही उठून दिसे.

सोमवारी कामाला पैसे देणारी मंडळी यायची होती, काम चालू ठेवायचं की गुंडाळायचं ते ठरवायला. गुंडाळलं की सुईवालीची नोकरीही गेली. आणि गुरुवारी चित्र आलं! एक धागा असायचा तिथे दोन, शेजारीशेजारी. असं कुणी पाहिलंच नव्हतं. सासूबाई तर आळीभर सांगून आल्या.

शुक्रवारी तिला काय वाटलं कोण जाणे, नमुना ठेवलेला अभ्रकाचा तुकडा पाव वळसा फिरवून तिने पुन्हा पाहिलं. सगळं फिरलं, पण दुसरा धागा मात्र पहिल्याच्या उजवीकडेच. कडेचा धुळीचा कणसुद्धा जुळा! तेव्हा तिला उलगडलं. सुईचं टोक तुटून त्याची दोन टोकं झाली होती, म्हणून जे लागेल ते दोनदा उमटत होतं.

मोठ्या बाईंनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहिली. मग म्हणाल्या, "बरं झालं बाई, आज कळलं. सोमवारी चारचौघांत कळलं असतं तर? बदल सुई."

"विजेच्या सुया संपल्यात."

"कारल्याकडे असेल."

कारलं म्हणजे पलीकडच्या खोलीतला सहकारी. यंत्राच्या पाळीवरून दोघांचा छत्तीसचा आकडा. "यंत्र काय तुमच्या आजोबांनी ठेवलंय?" असं ती त्याला नुकतंच सगळ्यांदेखत म्हणाली होती. तरी गेली.

"भांडायला आलात?"

"मागायला."

त्याने सगळं ऐकून घेतलं. "जुळं झालं म्हणता? मग अभिनंदन करू की सांत्वन?" असं म्हणत खणातून डबी काढली. आत एकच सुई होती, स्वतःच्या कामासाठी जपलेली. "न्या. तुमचं काम बंद पडलं तर मी भांडू कुणाशी? आणि चिमट्यानं धरा, आजोबांची आहे."

शनिवारी ती यंत्राशी बसली, तर हा दाराबाहेर खुर्ची टाकून. येईल-जाईल त्याला दटावत होता, "हळू चाला, आत सुई टेकलीय!"

चित्र आलं. एकच धागा, गोळ्याच्या आत बोट मुडपावं तसा वाकलेला. गुरुवारच्या चित्राचा थाट त्याला नव्हता. पण तुकडा फिरवला, तसा तोही फिरला. सुईवालीच्या डोळ्यांना धार लागली.

सोमवारी तिने मंडळींपुढे दोन्ही चित्रं ठेवली, चुकलेलं आधी. काम पुढे चालू राहिलं.

यंत्राच्या नव्या पाळ्या लागल्या तेव्हा आपली पहिली पाळी तिने कारल्याच्या नावावर केली. तो तरातरा आला.

"मला कुणाचे उपकार नकोत!"

"उपकार तुम्ही केलेत, मी नाही."

"एक सुई दिली, त्यात कसले उपकार?"

"पाळी घ्या म्हणते ना!"

"नाही घेणार!"

आवाज जिन्यापर्यंत गेले. मोठ्या बाईंनी हसत दार लावून घेतलं.