आधी कुणाचं फेडू?

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर घरचं लिहितोय, पण मन थाऱ्यावर नाही.

आज पगार झाला. वेल्ह्यात माझी दोन देणी आहेत. सावकाराचं व्याजाचं, किराणावाल्या तात्यांचं बिनव्याजी. व्याज थांबावं म्हणून सगळे पैसे सावकाराला दिले आणि तात्यांचं दुकान चुकवून तहसील कचेरीच्या मागच्या वाटेने घरी आलो.

दर पगाराला खातं चुकतं केलं की तात्या माझ्या लेकीला खडीसाखरेची पुडी देतात. संध्याकाळी ते स्वतःच दारात!

"गुरुजी, आज दुकानावर आला न्हाई. पोरीचा खाऊ ऱ्हायला, म्हनून मीच आलो."

पुडी माझ्या हातात ठेवून, उधारीचं न विचारताच ते परतले.

पुडी कोनाड्यात तशीच आहे. लेक मागतेय, माझा हात पुढे होत नाही. तुम्ही आधी कुणाचं फेडलं असतं?