मनगटावरचे कोरे दोरे

बुआफानमावशीचा आईबापांच्या शब्दावर काडीचा विश्वास नव्हता. कॅन्सरचे उपचार अर्धवट सोडून मेकाँगकाठच्या गावांत परतलेली मुलं शोधून पुन्हा इस्पितळात न्यायची, हेच तिचं काम.

"पोर ठणठणीत आहे, मावशी," पोरीची आई सेंगदाओ दारातच म्हणाली. "आता औषध कशाला?"

मावशीने आत शिरून पोरीचं मनगट धरलं. त्यावर पांढरेशुभ्र, कोरे दोरे होते. आजाऱ्याचा भटकलेला जीव परत बोलावला की असेच बांधतात.

"ठणठणीत आहे, मग जीव कुणाचा बोलावलास गं? खोटारडे! ताप कधीपासून?"

सेंगदाओ वरमली. "परवापासून. पण जीव परत आलाय, दोरे बांधणाऱ्या आजोबांनी सांगितलं."

"आला ना? मग दोरे राहू देत आणि पोरीला घेऊन गाडीत बस. आलेल्या जिवाला राहायला अंग नको?"